जॉश गिब्सनचा आकडा खरा आहे

मे २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीग्जमधल्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जमधल्या, सामन्यांचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत सामील केले आणि कारकिर्दीतल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीच्या यादीत टाय कॉब पहिल्यावरून दुसऱ्या जागी गेला. कॉबची सरासरी ०.३६७. त्याच्या वर आलेल्या जॉश गिब्सनची ०.३७२. फलंदाजीच्या दर हजार संधींत किती वेळा फटका मारून खेळाडू सुखरूप बेसवर पोहोचला, याचे हे प्रमाण. हजारात तीनशेचा पल्ला टिकवणारा बेसबॉलमध्ये उत्तम फलंदाज मानला जातो, यावरून या दोघांची उंची कळावी. गिब्सन १९११ साली जॉर्जिया राज्यात जन्मला, पिट्सबर्गमध्ये वाढला, होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांसाठी कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा म्हणून, खेळला. मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही, कारण तिथे काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगमधल्या ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती बंदी मोडली.

या बदलावर जो वाद झाला आणि अजून होतो आहे, तो दोन्ही बाजूंनी वाईट पद्धतीने लढवला जातो असे माझे मत आहे. एक बाजू म्हणते, राजकीय सोयीसाठी इतिहास पुन्हा लिहिला. शंभर वर्षे उभा असलेला विक्रम समितीच्या टेबलावर पाडला. दुसरी बाजू म्हणते, अखेर न्याय झाला, आणि कॉब वंशद्वेष्टाच होता, तो खाली आला हे बरेच झाले. पहिल्यांना जुने नोंदपुस्तक पवित्र वाटते, दुसऱ्यांना त्यातली जागा म्हणजे भरपाई वाटते. दोघेही चुकतात. नोंदपुस्तकाचे काम एवढेच, की सर्वोच्च पातळीवर जे सामने झाले त्यांत कोणी काय केले ते लिहून ठेवायचे. गिब्सनचे सामने झाले होते. तिकिटे काढून लोक ते पाहायला आले होते, वर्तमानपत्रांत त्यांचे गुणफलक छापले गेले होते. ते पुस्तकाबाहेर ठेवले ही नोंदीची चूक होती आणि ती दुरुस्त करणे योग्यच होते. गिब्सन कॉबपेक्षा थोर होता की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कुठल्याच यादीत सापडत नाही.

आधी माझ्याच बाजूचा एक युक्तिवाद बाजूला काढतो, कारण तो सर्वांत जास्त नुकसान करतो. कॉब माणूस म्हणून कसा होता, याचा त्याच्या सरासरीशी काय संबंध? तो भांडखोर होता, मैदानावर आणि मैदानाबाहेर हाणामाऱ्या करायचा, हे खरे. पण त्याच्याबद्दलच्या अनेक भयंकर कथा त्याच्या मृत्यूनंतर रंगवल्या गेल्या, आणि याच कॉबने १९५२ साली काळ्या खेळाडूंना बेसबॉलमध्ये पूर्ण मनाने सामावून घ्यावे असे जाहीरपणे म्हटले होते, ही नोंदही आहे. तो संत नव्हता. मात्र तो दुष्ट होता म्हणून गिब्सन वर आला, असे म्हणणे हा गिब्सनचाच अपमान आहे. उद्या कॉबचे चारित्र्य निष्कलंक निघाले, तर गिब्सनचे फटके पुसायचे का?

आता विरोधकांचे मुद्दे, आणि त्यांतले सर्वांत बळकट. पहिला मुद्दा संख्येचा. कॉबने चोवीस हंगामांत अकरा हजारांहून अधिक वेळा अधिकृत फलंदाजी केली. गिब्सनच्या नावावर त्याच्या साधारण पाचवा हिस्सा संधी आहेत. निग्रो लीग्जचे हंगाम साठ-ऐंशी सामन्यांचे, कधी त्याहूनही लहान. त्यामुळे या यादीत येण्यासाठी त्यांच्या खेळाडूंना किमान संधींची अट कमी ठेवावी लागली. संधी कमी असल्या की टोकाचे आकडे निघणे सोपे होते, हे आकडेशास्त्र शिकवण्याची गरज नाही. १९४३ मधली गिब्सनची ०.४६६ ही सरासरी आता एका हंगामातली सर्वोच्च मानली जाते. तिची १९४१ मधल्या टेड विल्यम्सच्या ०.४०६ शी तुलना केली, तर विल्यम्सने ते १४३ सामन्यांत केले याला वजन दिलेच पाहिजे. हे मी पूर्णपणे मान्य करतो. दुसरा मुद्दा अपुरेपणाचा. १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीग्जच्या नोंदींपैकी सुमारे तीन-चतुर्थांशच हाती लागल्या आहेत, असे हे काम करणाऱ्या समितीनेच सांगितले. चौथा भाग गायब असताना दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा छातीठोकपणे कसा छापायचा?

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते फक्त काळ्या खेळाडूंच्या बाबतीतच का सुचतात? कारण मेजर लीगचे जुने पुस्तक ज्यांनी उघडून वाचले आहे, त्यांना त्यातली पहिलीच पाने ठाऊक असतात. मेजर लीग बनते ती नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीग मिळून. त्यांतल्या जुन्या नॅशनल लीगचा पहिला हंगाम १८७६ चा. त्या वर्षी शिकागोचा संघ ६६ सामने खेळला. त्या संघाचा रॉस बार्न्स ०.४२९ सरासरीने अव्वल ठरला. त्या काळच्या नियमाप्रमाणे चेंडू आधी मैदानाच्या वैध भागात टप्पा पडून मग रेषेबाहेर घरंगळत गेला तरी तो फटका वैध धरला जाई. बार्न्सने ही कला इतकी साधली होती, की पुढच्याच वर्षी तो नियम बदलला आणि त्याची सरासरी कोसळली. त्यात त्याच्या आजारपणाचाही हात होता. ६६ सामने आणि पुढे रद्द झालेला नियम, तरी बार्न्सचे ते वर्ष पुस्तकात आहे, आणि असायलाच हवे. १८८७ साली वाइड चेंडूंवर मिळणारी फुकटची बेससुद्धा फटका म्हणून मोजली गेली आणि टिप ओ'नील नावाच्या खेळाडूची सरासरी ०.४९२ निघाली. पुढे त्या बेस वजा करून ती ०.४३५ केली. १८९२ पर्यंत पिचर आजच्यापेक्षा बराच जवळून चेंडू टाकायचा. १८९३ मध्ये ते अंतर साठ फूट सहा इंच झाले, फलंदाजांना एकदम सोपे झाले, आणि लगेच पुढच्या वर्षी ह्यू डफीने ०.४४० सरासरी काढली. गिब्सनच्या ०.४६६ ने जो विक्रम मोडला तो हाच. तेव्हाच्या मैदानावर नियम असे बदलत होते, तरी डफीच्या आकड्याला कोणी पवित्रतेची परीक्षा द्यायला लावली नाही.

सर्वांत बोलके उदाहरण १८८४ च्या युनियन असोसिएशनचे. हेन्री लुकास नावाच्या श्रीमंत तरुणाने काढलेली ही लीग एकच वर्ष जगली. काही संघ हंगाम अर्धवट टाकून बंद पडले. विल्मिंग्टनचा संघ तर जेमतेम १८ सामने खेळला, त्यांतले १६ हरला. लुकासच्या स्वतःच्या सेंट लुईस मरून्सने ९४ सामने जिंकले, फक्त १९ गमावले, आणि त्यांचा फ्रेड डनलॅप ०.४१२ सरासरीने लीगमध्ये पहिला आला. पुढच्या वर्षी हाच संघ नॅशनल लीगमध्ये घेतला गेला आणि सगळ्यांत शेवटी राहिला. प्रतिस्पर्धी किती कच्चे होते याचा याहून ठोस पुरावा कोणता? तरीही १९६९ साली पाच जणांच्या एका विशेष समितीने इतिहासातल्या कोणत्या लीग 'मेजर' मानायच्या हे ठरवले, तेव्हा युनियन असोसिएशन आत घेतली. सहा लीगना मान्यता मिळाली. निग्रो लीग्ज नाकारल्या गेल्या असेही झाले नाही. त्यांचा विचारच झाला नाही. सॅचेल पेजसारखा पिचर तेव्हा हयात होता. चारच वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्याने मेजर लीगमध्ये तीन डाव पिचिंग करून दाखवले होते. त्याची ऐन तारुण्यातली वर्षे कोणत्या दर्जाची होती, हा प्रश्न समितीतल्या कोणालाही पडला नाही. समितीच्या टेबलावर इतिहास लिहिला जातो म्हणून जे आज संतापतात, त्यांना जे जुने पुस्तक प्रिय आहे तेही अशाच एका टेबलावर लिहिलेले आहे.

आणि कॉबचा आकडा? तो तरी दगडावरची रेघ आहे का? १९१० सालची कथा बेसबॉलवेड्यांना पाठ असते, पण या वादात ती कोणी सांगत नाही. त्या वर्षी चाल्मर्स मोटार कंपनीने सर्वोच्च सरासरीच्या फलंदाजाला गाडी बक्षीस जाहीर केली. शेवटपर्यंत चुरस डेट्रॉइटचा कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात होती. आपली आघाडी पुरेशी आहे असे समजून कॉब शेवटचे दोन सामने बसून राहिला. ९ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये लाजवेचे एकाच दिवशी दोन सामने होते. कॉबविषयी अनेक संघांत इतकी कटुता होती, की सेंट लुईस ब्राउन्सचा व्यवस्थापक जॅक ओ'कॉनरने आपल्या नवख्या तिसऱ्या बेसवाल्याला, रेड कॉरिडनला, खूप मागे उभे राहायला सांगितले. लाजवे अलगद बंट करत, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलत राहिला, चेंडू समोर पडत राहिला, आणि त्या दिवशी त्याच्या नावावर आठ फटके लागले. एका संधीचा फटका धरला गेला नाही, तेव्हा ब्राउन्सच्या हॅरी हॉवेलने नोंद ठेवणाऱ्याला नवा सूट देऊ केला. ओ'कॉनर आणि हॉवेल दोघांनाही पुढे लीगमधून जावे लागले. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी किंचित फरकाने कॉबला विजेता ठरवले आणि कंपनीने दोघांनाही गाड्या देऊन टाकल्या. गोष्ट इथे संपत नाही. १९८१ साली संशोधकांचे काम उजेडात आले, की कॉबचा एक सामना, त्यातल्या दोन फटक्यांसकट, दोनदा नोंदला गेला होता. म्हणजे त्या वर्षीचा खरा विजेता लाजवे. कॉबचे कारकिर्दीतले फटके ४,१९१ नसून ४,१८९, आणि सरासरी ०.३६६. तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी नोंद बदलायला नकार दिला. अधिकृत पुस्तकात आजही जुनाच आकडा आहे. गिब्सनच्या नोंदी अपुऱ्या म्हणून ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी चुकीची ठरलेली नोंद चाळीसहून अधिक वर्षे निश्चिंतपणे वापरली आहे.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. १९३० मधले हॅक विल्सनचे १९० रन्स-बॅटेड-इन, म्हणजे त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा, १९९९ साली १९१ झाले. १९६९ च्या त्याच समितीने आधी ठरवलेला एक निर्णय टिकला असता, तर बेब रुथचे ७१४ होमरन ७१५ झाले असते. गदारोळ झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. पुस्तक नेहमीच दुरुस्त होत आले आहे. दुरुस्तीमुळे कोणी अपवित्र होत नाही.

कमी सामन्यांच्या मुद्द्याकडे पुन्हा येतो, कारण तिथे एक गोष्ट विसरली जाते. निग्रो लीग्जचे खेळाडू वर्षाकाठी कमी खेळत नसत. उलट ते अतोनात खेळत. लीगचे सामने बहुधा शनिवार-रविवारी व्हायचे, तेही मैदान भाड्याने मिळेल तेव्हा. ग्रेज संघ वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये गोऱ्या संघाच्या सोयीने खेळायचा. आठवड्याच्या मधल्या दिवसांत बस धरून गावोगाव प्रदर्शनीय सामने करावे लागत, कारण पोट त्यावर चाले. हे प्रदर्शनीय सामने आजच्या हिशेबात धरलेले नाहीत. शिवाय काळ्या वाचकांची मोठी वर्तमानपत्रे, 'पिट्सबर्ग कुरिअर', 'शिकागो डिफेंडर', ही साप्ताहिके होती. मंगळवारच्या सामन्याचा गुणफलक शनिवारी छापून येईलच याची शाश्वती नव्हती. म्हणजे वेळापत्रक तुटपुंजे आणि कागद अपुरे, ही दोन्ही कारणे त्याच भिंतीतून आली, जिने या माणसांना बाहेर ठेवले. ज्या गोष्टीमुळे पुरावा अपुरा पडला, तीच गोष्ट पुरावा नाकारण्याचे कारण कशी होईल? आणि लहान हंगाम हीच अडचण असेल, तर २०२० चा हंगाम आठवावा. महामारीमुळे मेजर लीगचे संघ साठच सामने खेळले. डीजे लमेह्यूची ०.३६४ ही त्या वर्षीची सरासरी अधिकृत आहे. तिला कोणी पुस्तकाबाहेर काढले नाही.

दर्जाचा प्रश्न राहतो. निग्रो लीग्जमध्ये वरचे आणि खालचे संघ यांच्यातली दरी मोठी होती, हे मान्य. तरी भिंत पडल्यावर काय झाले ते पाहावे. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगमधल्या सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार नऊ वेळा अशा माणसाला मिळाला, जो निग्रो लीग्जमधून आला होता: रॉबिन्सन, तीनदा रॉय कॅम्पनेला, विली मेज, डॉन न्यूकम, हँक ॲरन, दोनदा अर्नी बँक्स. १९४९ ते १९५३ या पाचही वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू तिथूनच आला. आणि हे तेव्हा, जेव्हा कित्येक संघांत अजून एकही काळा खेळाडू नव्हता. दुय्यम दर्जाच्या लीगमधून असे पीक येते का? उलट बाजूने विचारायला हवे, की १९४७ च्या आधीच्या गोऱ्या विक्रमांचा दर्जा काय होता? कॉबने कधी पेजसारख्याचा चेंडू लीगमध्ये खेळला नाही. रुथने १९२७ मध्ये ६० होमरन मारले, तेव्हा देशातले काही उत्तम पिचर त्याच्यासमोर उभेच राहू शकत नव्हते. तरी ते साठ होमरन साठच आहेत, मी त्यांतून एकही वजा करणार नाही. दोन्ही बाजू अपुऱ्या होत्या, कारण देशच दोन भागांत खेळत होता. अपुरेपणा मोजायचा तर दोघांचाही मोजावा.

मुंबईचे क्रिकेट आठवले की मला हे अधिक स्वच्छ दिसते. पेंटँग्युलर स्पर्धेत संघ धर्मावर बांधलेले असत: हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'द रेस्ट'. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे 'द रेस्ट'मधून खेळायचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर त्यांच्या संघाने ३८७ धावा केल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. समोरच्या हिंदू संघाकडून विजय मर्चंट नाबाद २५० करून गेले होते. गांधीजींनी या स्पर्धेच्या जातीय रचनेला उघड विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद पडली. ती रचना चूक होती असेच आज बहुतेकांना वाटते. पण हजाऱ्यांचे ३०९ प्रथम श्रेणीत मोजले जातात, मर्चंट यांच्या ७१ च्या सरासरीत त्या धावा आहेत, आणि त्या काढा असे कोणी म्हणत नाही. रचना अन्यायाची होती. फटके खरे होते. भाऊसाहेब निंबाळकरांचे पुण्यातले नाबाद ४४३ घ्या. काठियावाडचा संघ दुबळा होता, त्याने सामनाच सोडून दिला आणि भाऊसाहेब ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ धावा दूर राहिले. आपण अभिमानाने तो आकडा सांगतो आणि काठियावाडच्या गोलंदाजीचा दर्जा विचारत बसत नाही. दक्षिण आफ्रिकेत तर क्रिकेटने नेमका हाच प्रश्न सोडवला: वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या स्पर्धेबाहेर झालेल्या हॉवा बाउलच्या सामन्यांना नंतर प्रथम श्रेणीचा दर्जा दिला गेला. तिथे आभाळ कोसळले नाही.

गिब्सनच्या विरोधकांपैकी पुष्कळांना वाटते, की या आकड्यांत औदार्य आहे, दया आहे. त्यांनी एक गोष्ट पाहावी. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात, १९७२ साली लावलेल्या गिब्सनच्या फलकावर लिहिले आहे, की त्याने जवळजवळ ८०० होमरन मारले. अधिकृत पुस्तकात आता त्याच्या नावावर १७४ आहेत. दया दाखवायची असती, तर आठशेच लिहिले असते. ज्या सामन्यांचा कागद आहे आणि जे लीगचे होते, तेवढेच मोजले, म्हणून सव्वासहाशे होमरन गळाले. मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. इतकी वर्षे गोऱ्या खेळाडूंना आकडे मिळाले आणि काळ्यांना दंतकथा. कूल पापा बेल इतका वेगवान, की दिव्याचे बटण दाबून खोलीत अंधार पडायच्या आत तो अंथरुणात शिरलेला असे. गिब्सनने पिट्सबर्गमध्ये मारलेला चेंडू आकाशात दिसेनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात खाली आला, तिथे तो झेलला गेला तेव्हा पंचाने सांगितले, "तू काल पिट्सबर्गमध्ये बाद झालास." या कथा रसाळ आहेत, त्या सांगणाऱ्यांत खुद्द ते खेळाडूही होते. पण दंतकथेतल्या माणसाशी तुलना करता येत नाही. त्याचे कौतुक करून त्याला बाजूला ठेवता येते. आकडा मिळाला की त्याच्याशी वाद घालता येतो, तो चूक ठरवता येतो. गिब्सनवर आज लोक भांडत आहेत, कॉबशी त्याची दशांशापर्यंत तुलना करत आहेत. १९४३ मध्ये 'काळा बेब रुथ' म्हणून त्याची ओळख करून दिली जायची. माझ्या मते आजचे भांडण त्या कौतुकापेक्षा जास्त सन्मानाचे आहे.

शेवटचा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो, आणि मला सर्वांत जड तोच वाटतो. निग्रो लीग्जना मेजर ठरवण्याचा अधिकार मेजर लीगला कोणी दिला? रुब फॉस्टरने फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली. "आम्ही जहाज आहोत, बाकी सगळा समुद्र", हे त्या लीगचे ब्रीद म्हणून सांगितले जाते. त्या माणसाला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. ज्या संस्थेने दार बंद केले, तिनेच पुढे ब्रुकलिन संघाच्या ब्रांच रिकीच्या हातून रॉबिन्सनला कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून एक डॉलरही न देता उचलले. न्यूअर्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांनी हट्ट धरला, म्हणून लॅरी डोबीसाठी क्लीव्हलँडकडून १५ हजार डॉलर मिळाले. न्यूकमसाठी काहीच मिळाले नाही. खेळाडू गेले, प्रेक्षक त्यांच्या मागे गेले, आणि १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग बंद पडली. ज्यांनी माणसे फुकट घेतली, त्यांनीच आता आकडेही आपल्या खात्यात जमा केले, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली, असे कोणी म्हटले तर मला ते खोटे म्हणता येत नाही. निग्रो लीग्जना मेजर दर्जा देणाऱ्या डिसेंबर २०२० मधल्या घोषणेत मेजर लीगने जुनी उपेक्षा दुरुस्त करत असल्याचे म्हटले. पण ती उपेक्षा करणारे कोण होते, याची नावे त्या दुरुस्तीसोबत लिहायला हवी होती.

ही नावे पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सापडतात. मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ मध्ये टोलीडोसाठी ४२ सामने खेळला. टोलीडो ज्या अमेरिकन असोसिएशनमध्ये होते, तिला १९६९ च्या समितीने मेजर मानले आहे. म्हणजे रॉबिन्सनच्या ६३ वर्षे आधी काळा खेळाडू मेजर लीगमध्ये होताच. त्याच वर्षी रिचमंडहून टोलीडोच्या व्यवस्थापकाला धमकीचे पत्र आले, की वॉकर मैदानावर दिसला तर जमाव तयार आहे. त्याच्या आदल्या वर्षी शिकागोच्या कॅप ॲन्सनने वॉकर असेल तर खेळणार नाही असे बजावले होते. गल्ल्यातला वाटा जाईल म्हटल्यावर तो खेळला. १४ जुलै १८८७ ला न्यूअर्कमध्ये मात्र ॲन्सनपुढे जॉर्ज स्टोव्ही हा काळा पिचर उतरलाच नाही, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार मंजूर न करण्याचा ठराव केला. ॲन्सन १९३९ पासून हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि त्याचे हजारो फटके पुस्तकात आहेत. ते तिथेच राहावेत. फक्त गिब्सनची ओळ जिथे आहे, तिथून वाचकाला या ठरावापर्यंतही जाता यायला हवे.

म्हणून आकडे सामील करण्याला विरोध करणे हे या आक्षेपाचे उत्तर नाही. ते बाहेर ठेवून फॉस्टरचा मान वाढत नाही, आणि मॅन्लीबाईंचे पैसेही परत मिळत नाहीत. विली मेजच्या नावावर १९४८ मध्ये बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्ससाठी मारलेले दहा फटके जमा झाले आणि त्याचे एकूण फटके ३,२९३ झाले. तेव्हा तो ९३ वर्षांचा होता. तीन आठवड्यांनी तो वारला. दहा फटक्यांनी मेजच्या थोरवीत काय भर पडते? काहीच नाही. पण सतरा वर्षांच्या पोराने ते मारले होते आणि ते कुठेतरी लिहिलेले असणे हा त्याचा हक्क होता.

प्रत्यक्षात काय करता येईल, हे सोपे आहे. सरासरीच्या यादीत प्रत्येक नावासमोर फलंदाजीच्या संधींचा आकडा तितक्याच ठळक अक्षरांत छापावा, गिब्सनच्या आणि बार्न्सच्याही. जिथे नोंदी अपुऱ्या आहेत, तिथे किती सामन्यांच्या मिळाल्या हे शेजारी लिहावे. कॉबचा दुहेरी मोजलेला सामना काढून त्याचे फटके ४,१८९ करावेत. जुन्या साप्ताहिकांतून हरवलेले गुणफलक शोधण्याच्या कामाला मेजर लीगने स्वतःच्या तिजोरीतून पैसे द्यावेत, कारण तो कागद हरवण्याला तीच जबाबदार आहे. आणि त्या शोधात गिब्सनचे काही वाईट दिवस सापडले, त्याची सरासरी ०.३६५ वर घसरली आणि कॉब पुन्हा पहिला झाला, तर तसेच छापावे. आज गिब्सनच्या बाजूने जे उभे आहेत, त्यांनी हे आत्ताच कबूल करून ठेवावे. मी ते कबूल करतो.